चूल न पेटवता केलेले पोहे

त्या वर्षी भाताची लावणी आणि वहिनीचे बाळंतपण एकाच आठवड्यात आले. आई बाळंतिणीपाशी, वडील आणि दादा चिखलात. कॉलेजातून आलेला मी तेवढा मोकळा. सकाळची पेज आणि सुका जवळा यांवर आमचे दिवस चालले होते.

शनिवारी आमचे शेत मागे पडलेले पाहून शेजारची दहा माणसे न बोलावता लावणीला उतरली. अशा माणसांना दुपारी आपल्या घरचे खाऊ घालायचे, हा गावचा रिवाज. ती उपाशी राहिली असती तर वडिलांची मान खाली गेली असती. मला रांधता येत नव्हते. मी पोह्यांत ओले खोबरे आणि गूळ कालवला आणि टोपली घेऊन बांधावर गेलो.

शेजारच्या काकींनी हात मागे घेतला. "अरे बाला, तुमच्या घरात सोयर हाय. दहा दिस तुमच्या चुलीवरचं नि तुमच्या घरचं पानी आमाला चालत न्हाय."

हे मी पार विसरलो होतो. वडील खाली पाहू लागले. मी चाचरत म्हणालो, "काकी, चूल पेटवलीच नाय मी."

"आनि पानी?"

"नारळाचंच घातलंय."

काकी खो खो हसल्या. "मंग ह्ये शिजलेलं कुठं? आन इकडं! पोराला रांधता येत न्हाय, त्येच बरं झालं!"

सगळे बांधावर बसले. वडिलांना इतके मोकळेपणी हसताना मी त्याआधी पाहिले नव्हते, असे वाटते.