झाकणाच्या आतली चिठ्ठी

कल्लप्पाबद्दल खरं तर दुसऱ्या कोणीतरी लिहायला हवं होतं. मी आयुष्यभर सोलापुरी चादरींची डिझाइनं काढली, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. लिहिण्याचा प्रसंग आला तो लग्नपत्रिकांवर पत्ते घालण्यापुरता. पण ही गोष्ट पूर्ण अशी मलाच माहीत आहे, म्हणून जमेल तशी लिहितो.

कल्लप्पा अक्कलकोटकडचा, घरात कानडी बोलणारा. आधी रेडिओ, टेप दुरुस्त करायचा. पुढे कॉम्प्युटर शिकला. नवी पेठेमागच्या एका बोळात जिन्याखाली त्याचं टेबल होतं. आमच्या भागात घरोघरी माग, त्यामुळे कॉम्प्युटरच्या डब्यातही सुताचा बारीक कापूस साचतो. ब्रशने तो काढताना कल्लप्पा म्हणायचा, "मास्तर, एक उशी भरंल की ह्यात. वहिनींना द्या."

त्याची एक सवय होती. मशीन उघडलं की बंद करण्याआधी झाकणाच्या आतून एक चिठ्ठी चिकटवायची. तारीख, काय केलं ते, आणि खाली सही.

मी एकदा हसलो होतो. "आत कोण वाचणार आहे?"

"पुढचा उघडणारा वाचंल की," तो म्हणाला.

सात वर्षांपूर्वी माझा कॉम्प्युटर फार रेंगाळायला लागला. मोठ्या फुलाचं डिझाइन उघडायला घेतलं की चहा पिऊन व्हायचा. पुण्याच्या मुलाने मेमरीच्या दोन नव्या पट्ट्या पाठवल्या, चार-चार जीबीच्या. कल्लप्पा डबा घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून परत आणला.

"बसवल्या दोनी," तो म्हणाला. "पर मास्तर, तुमचा विंडोज जुना हाय. सगळी मेमरी घेणार न्हाय त्यो."

मी आलेखाच्या कागदावर चौकोन मोजत होतो. मोजणी चुकेल म्हणून मान वर न करता "बरं" म्हणालो.

संध्याकाळी मुलाने फोनवर सांगितलं कुठे बघायचं ते. तिथे लिहिलं होतं, मेमरी आठ जीबी, त्यातली वापरण्याजोगी ३.२४.

"बाबा, आठच्या आठ मिळायला पाहिजे," मुलगा म्हणाला. "मी तर नव्या पाठवल्या होत्या. एक खराब कशी निघाली?"

तेवढ्यावरून माझ्या मनात आलं, चांगली पट्टी काढून कल्लप्पाने बंद पडलेली बसवली. सकाळी तो जे सांगत होता ती आधीच तयार ठेवलेली सबब वाटली. वीस वर्षांची ओळख, आणि हे वाटायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत.

मी त्याला तोंडावर काही बोललो नाही. बोललो असतो तर बरं झालं असतं, त्याने तिथल्या तिथे दाखवलं असतं. मला कोणाला जाब विचारता येत नाही. पण दुसऱ्या दिवशी गुरुराजच्या चहाच्या गाड्यावर कोणी विचारलं, "कल्लप्पानं केलं का काम?" तेव्हा मी म्हणालो, "केलं. पण पट्टी बदललेली दिसते."

एवढंच म्हणालो.

आठ दिवसांत कल्लप्पा माझ्या दारात आला. चपला काढल्या, पण आत आला नाही.

"मास्तर, झाकण उघडू का? तुमच्यासमोर."

"राहू दे," मी म्हणालो. "चाललंय की."

 तो चपला घालून गेला.

पुढे लोक त्याला समोर बसून काम करायला लावू लागले. घरातलं एक माणूस त्याच्या हाताकडे बघत उभं राहायचं. मग बोलावणंच थांबलं. दोन वर्षांत त्याने टेबल उचललं आणि गावी गेला. मी निरोप द्यायलाही गेलो नाही.

गेल्या महिन्यात माझा कॉम्प्युटर बंद पडला. ऋतुजा नावाची दुरुस्ती करणारी मुलगी आली. तिने झाकण काढलं आणि म्हणाली, "आजोबा, इथं चिठ्ठी आहे."

कल्लप्पाचं अक्षर होतं. "दोन पट्ट्या, चार-चार. दोन्ही नव्या. विंडोज ३२ बिट, म्हणून सव्वातीनच घेतो. ६४ घातला तर मास्तरांचा डिझाइनचा प्रोग्राम चालणार नाही. तसाच ठेवला."

ऋतुजाने समजावलं. जुन्या विंडोजला चार जीबीपुढे मोजताच येत नाही. त्यातलंही काही पडद्याला आणि आतल्या इतर भागांना राखून जातं. मागाला जेवढे हुक तेवढेच धागे उचलणार, तसंच हे. माझ्यासारख्याला एवढं कळायला सात वर्षं लागली. तिने त्याच पट्ट्या आपल्या दुकानातल्या मशीनला लावून पाहिल्या. आठच्या आठ मिळाली.

मी एसटीने कल्लप्पाच्या गावी गेलो. अंगणात त्याची बायको दानम्मा शेंगा फोडत बसली होती. कल्लप्पा दिवाळीच्या आधी वारला, ती म्हणाली. मला बसायला घोंगडी दिली. मी चिठ्ठीचं सांगितलं.

"आमाला म्हाईत हाय की," ती म्हणाली. "त्येनी म्हणायचे, मास्तरचं मशीन कदी तरी बंद पडंल, तवा झाकण उघडतील. फोन वाजला की इचारायचे, सोलापूरचा हाय का."

तिने शेंगा फोडणं थांबवलं नव्हतं. मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले.

परत आल्यावर मी गुरुराजच्या गाड्यावर गेलो. चार माणसं होती. माझा आवाज फार चढत नाही, तरी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, की कल्लप्पाने पट्टी बदलली नव्हती, मी खोटं बोललो होतो.

गुरुराजने चहा पुढे केला. "जाऊ द्या मास्तर. गेलेल्या माणसाबद्दल तुमी चांगलंच बोलणार. तुमचा सोभावच तसा."

बाकीच्यांनी माना हलवल्या. मी पुन्हा सांगितलं. कोणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला.

म्हणून हे लिहिलं. चिठ्ठी होती तिथेच आहे. झाकण मी परत लावलं नाही, येईल त्याला आत दाखवतो. कापूस साचतो आहे.