त्या सीटवर मी बसलो

"उतर खाली."

मी चावी फिरवायला सीटवर बसलो होतो. एक पाय गाडीत, एक बाहेर. मान वळवायच्या आत तात्यांनी माझे केस धरले आणि बाहेर ओढलं. डोकं दाराच्या कडेवर आपटलं. हातातला टेस्टर उडून फरशीवर पडला.

"कुणाच्या सीटवर बसतोयस, कळतंय का? माझ्या वडलांची सीट हाय ती. मेंढरामागं हिंडणारी तुमी. लेंड्या तुडवत यायचं आन् थेट गादीवर व्हय रं?"

मी म्हणालो, "तात्या, चावी फिरवल्याबिगर करंट कसा बघू?"

खाडकन कानाखाली बसली. मग त्यांनी बादली मागवली. गड्यानं आणली, पण धुवायला मला लावलं. सीट पुसायची, तीही गाडीत न शिरता. मी दाराबाहेर गुडघ्यांवर बसलो, हात लांब केला आणि ओल्या टॉवेलनं ती सीट पुसली. तीनदा पुसायला लावली. तात्यांच्या अंगणात एक बाई शेंगा फोडत बसली होती. तिनं वर बघितलं आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.

मी मुकाट पुसली. मार खाल्ल्याची लाज नाही वाटत मला, पुसल्याची वाटते. अजून वाटते.

तात्या म्हणजे इंदापूर तालुक्यातले मोठे बागायतदार. गावाचं नाव सांगत नाही. भितो म्हणून नाही, माझी आत्या त्या गावात नांदते म्हणून. मी तेव्हा चोवीस वर्षांचा. ब्याण्णव की त्र्याण्णवचा उन्हाळा. घर जळोचीला आणि काम बारामतीत, इंदापूर रोडच्या एका गॅरेजात. गाड्यांची वायरिंग करायचो. माझ्या बापानं, आबांनी, शेवटची मेंढरं विकली तेव्हा मला एवढंच सांगितलं होतं, "माझ्यामागं गावोगावची कुत्री भुकली. तुझ्यामागं नगं. हाताला काम शिकव." मी शिकवलं. हेडलाईटपासून हॉर्नपर्यंत कुठली वायर कुठं जाते ते मी डोळे मिटून सांगायचो.

तात्यांकडं जीप होती, ट्रॅक्टर होते. पण लेकाचा परण्या त्यांना वडलांच्या जुन्या पांढऱ्या अँबॅसिडरमधूनच काढायचा होता. परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला जातो ती मिरवणूक. इंदापुरात, मे महिन्यात, दुपारी चारला. बँडच्या पावलानं गाडी चालवायची म्हटल्यावर तिचं पाणी उकळणारच. जुन्या गाडीचा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन हळू तर पंखाही हळू, आणि पुढून वारा तर येतच नाही. म्हणून रेडिएटरपुढं करंटवर फिरणारे दोन पंखे बसवायचे, असं ठरलं. पाणी तापलं की ते आपोआप चालू होणार. पंखे मी भंगारातून निवडून आणले, खोलून साफ केले. बॅटरीपासून नवी वायर ओढली आणि मधे फ्यूज टाकला.

फ्यूज म्हणजे पातळ तार. पंखा कशात अडकला, करंट वाढला, की ही तार आधी जळते आणि बाकीची गाडी वाचते. ही गोष्ट मी तात्यांना दोनदा सांगितली. ते बोनेटवर सिगारेटचं पाकीट ठेवून उभे होते. आतून सोनेरी कागद असलेलं, पुण्याहून मागवलेलं. तसली सिगारेट त्या गावात ते एकटेच ओढायचे.

काम संपत आलं तेव्हा मी म्हणालो, "तात्या, गाडी जागेवर अर्धा तास चालवून पाण्याच्या तापाचा काटा बघावा लागंल. पंखं कधी लागत्यात, फ्यूज टिकतुया का. म्या आत बसतो जरा."

"पुन्हा बसायचं नाव काढलंस? म्या बघतो. तू नीघ."

मी निघालो. माझी चूक म्हणाल तर ती हीच. न बसता, न बघता केलेलं काम मी झालं म्हणून सोडून आलो. कारागिरानं असं करू नये. पण गालावर पाच बोटं उठलेली असताना माणूस कारागीर राहत नाही.

परण्याच्या दिवशी मला निरोप आला. पाण्याचे दोन कॅन घेऊन गाडीबरोबर चालायचं, पाणी कमी पडलं तर ओतायचं. मी गेलो. का गेलो? जायची सवय होती म्हणून. बापाला होती, आज्याला होती, मला होती.

डांबर वितळत होतं. पुढं बँड, मागं करवल्या, मधे ती पांढरी गाडी. तात्या स्वतः चालवत होते, शेजारी मुंडावळ्या बांधलेला लेक. मी बोनेटला लागून चाललो होतो, दोन्ही हातांत कॅन. अर्धा रस्ता सगळं ठीक होतं. पंखे सुरू झालेले मला ऐकू आले आणि खरं सांगतो, त्याही परिस्थितीत मला बरं वाटलं. मग एक पंखा घरघरला. आणि वास आला. जळक्या वायरचा वास मला झोपेतही ओळखू येतो.

बोनेटच्या फटीतून काळा धूर. नवरदेव फेटा सावरत उडी मारून पळाला. बायका ओरडल्या. मी कॅन टाकले, बोनेट उचललं, गळ्यातला टॉवेल हाताला गुंडाळून बॅटरीची वायर उपटली. आग लागायची थांबली ती माझ्या हातानं. हे कुणी बघितलं नाही. सगळ्यांनी तात्या खाली उतरताना बघितले.

"भाडखाऊ! माझ्या पोराला जाळतो का?"

पहिली लाथ कमरेत बसली. मी रेडिएटरवर पडलो. आत पाणी खदखदत होतं.

"पाणी बघ."

"तात्या, झाकण तापलंय. उघडलं तर उडंल. दहा मिन्टं थांबा."

त्यांनी माझं उजवं मनगट धरलं. तळहात झाकणावर दाबला आणि पिळला. झाकण फिरलं. त्यापुढचं मला आवाज म्हणून आठवतं. वाफेचा फुस्कारा आणि माझी किंचाळी. तळहाताची कातडी सालीसारखी निघाली. बँड थांबला. एवढ्या माणसांत कुणी "अहो, सोडा" म्हणालं नाही.

"आता सगळ्यांम्होरं सांग. माझं काम चुकलं म्हण. नाक घास हितं."

मी बोनेटखाली बघत होतो. डाव्या पंख्यात उसाचं पाचट गच्च अडकलं होतं. तात्यांनी गाडी उसाच्या रानातून फिरवून आणली होती, चाचणी म्हणून. तेव्हाच पंखा अडला असणार, फ्यूज उडाला असणार. मग त्यांनी काय केलं असेल? डाव्या हातानं मी फ्यूज ओढून काढला. फ्यूजला सोनेरी कागद गुंडाळला होता. सिगारेटच्या पाकिटातला. त्या चमकीच्या कागदातून करंट जातो; उडालेल्या फ्यूजला तो गुंडाळायचा, म्हणजे पंखा चालू. आता जळायला ती पातळ तारच राहिली नव्हती, म्हणून अख्खी वायर जळली.

मला सगळं कळलं. हाताची आग एकीकडं आणि हे एकीकडं. एक वाक्य बोलून सुटता येत होतं. माझं काम चुकलं. चार शब्दही नाहीत. पण ते बोललो असतो तर माझ्याकडं फक्त हात राहिले असते, काम गेलं असतं. आणि एक हात तर तसाही जळला होता.

मी तो फ्यूज वर धरला. सगळ्यांना दिसेल असा.

"माझं काम चुकलं न्हाय. हा कागद माझा न्हाय, तात्या. म्या तंबाखू खातो."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यानं त्यांचं डोकं फिरलं. डिकीतून जॅकचा लोखंडी दांडा आला. पहिला घाव गळ्याच्या हाडावर बसला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. दुसरा घाव मी डाव्या हातानं धरला. दांड्याच्या एका टोकाला ते, एका टोकाला मी. पहिल्यांदा मी त्या माणसाच्या डोळ्यांत बघितलं. तिथं भीती होती. माझी भीती! मी दांडा हिसकला आणि तो माझ्या हातात आला.

खोटं कशाला बोलू? त्यांचं डोकं फोडायचं माझ्या मनात आलं. दांडा वरही गेला. पण नजर उघड्या दाराकडं गेली. सीट रिकामी होती.

मी दांडा गटारात फेकला. चालत गेलो आणि त्या सीटवर बसलो. दार ओढून घेतलं, दारांच्या कुलपांची आतली बटणं दाबली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. उजव्या हाताचं मांस चाकाला चिकटलं. समोर अख्खा परण्या उभा, करवल्या, बँडवाले, पाव्हणे. सगळे मला बघत होते आणि मी बसलो होतो. बाहेर तात्या काचेवर बुक्क्या मारत होते. "उतर! उतर खाली!" मी त्यांच्याकडं बघितलंही नाही.

दोन मिनिटं असतील. मग काच फुटली. बाहेर ओढून मला किती जणांनी तुडवलं ते माहीत नाही. तीन दात गेले. शुद्ध आली ती बारामतीच्या दवाखान्यात.

तिसऱ्या दिवशी आबा आले. खाटेच्या कडेला बसले, टोपी हातात.

"म्या जाऊन आलो तात्यांकडं. पाया पडलो. त्यांचं म्हणणं, एकदा येऊन त्या सीटला हात जोडून जा म्हणावं. मिटलं."

"आबा, तुमी पाया पडला, त्येला म्या काय करू? म्या येणार न्हाय."

"तुझी आत्या हाय रं तितं. तिला पाण्यावर जाऊ देत्याल का?"

आत्याच्या अंगाखांद्यावर मी वाढलेलो. तरी म्हणालो, "येणार न्हाय."

आबा उठले. वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. आत्याला दोन महिने विहिरीवर शिव्या खाव्या लागल्या. तिनं त्या खाल्ल्या, पण मला कधी बोलावणं धाडलं नाही. ही किंमत माझ्यापायी त्यांनी मोजली. मी ते विसरत नाही.

आता भिगवण रोडला माझं स्वतःचं दुकान आहे. पत्र्याचं. उजव्या तळहातावर रेषा नाहीत, पक्कड धरायला चालतो. गाडी कुणाचीही येवो, साहेबाची, सावकाराची, पुढाऱ्याची. आधी मी सीटवर बसतो. मालक बाहेर उभा असताना बसतो. मग बोनेट उघडतो.

गेल्या उन्हाळ्यात तात्यांचा गडी आला होता. गाडी पुन्हा तापतेय, ते पंखे जोडून द्यायचेत, दुसऱ्या कुणाला जमत नाहीत म्हणाला. तात्या विचारतात, येशील का?

मी म्हणालो, "म्या येणार न्हाय. गाडी हितं आणायची. तात्यांनी सोता आणायची. दार त्यांनी उघडायचं आन् काम हुईस्तोवर म्या सीटवर, ते उन्हात. जमत नसंल तर उकळू दे म्हणावं."