जावेकडं गेलेली हिमरू शाल

माझी डोकेदुखी फार जुनी. चाळिशीत मी छावणी भागातल्या घरात डोक्याला फडकं आवळून भाकरी थापायची आणि सकाळच्या चहासोबत दुखायची गोळी घ्यायची. दुखत नसलं तरी घ्यायची, पुढं दुखेल म्हणून. एवढी हुशार बाई होते मी.

शेवटी आमच्या ह्यांनी डोक्याच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर हातोडी ठोकली, सरळ रेषेत चालवलं. म्हणाले, ही अर्धशिशी आहे, त्यात रोजच्या गोळ्यांनी भर घातलीय, त्या हळूहळू सोडवू; डोक्याचा फोटो काढायची गरज नाही. मी फक्त शेवटचं ऐकलं. आमच्या गल्लीत डॉक्टरनं ‘आता तपासण्यांची गरज नाही’ म्हटलं, की घरचे भावकीला निरोप धाडायचे. म्हणजे माझ्या डोक्यात गाठ होती आणि ती हाताबाहेर गेली होती. पोरं अजून शाळेत. रिक्षात हे गप्प होते. भुकेनं गप्प होते, मला वाटलं रडू आवरतायत.

दुसऱ्या दिवशी खुलताबादच्या थोरल्या जावेला बोलावलं, माझ्या लग्नातली हिमरू शाल त्यांच्या हातात ठेवली आणि पोरांकडं बघा म्हटलं. त्याही रडल्या. शाल मात्र रडता रडता पिशवीत गेली.

मग मी हट्ट धरला, मरायचं तर बघून मरीन. एमआरआय काढला. आत कुणी पत्रे बडवावेत तसा आवाज, आणि मी त्यात पडून पोरांची लग्नं लावत होते. बाहेर आले तर हे बाकावर बसलेले, हरवू नये म्हणून माझं मंगळसूत्र स्वतःच्या गळ्यात घालून. शेजारच्या बाया पदराआड हसत होत्या.

रिपोर्ट स्वच्छ. खरं सांगते, जरा अपमानच वाटला. एवढं दुखतं आणि आत काहीच नाही?

“मला हे आधीच माहीत होतं,” डॉक्टर म्हणाले. “आता तुम्हालाही कळलं. आता तरी गोळ्या सोडायचं ऐकाल ना?”

ऐकलं. सुरुवातीला डोकं असं ठणकलं की दिवसा अंधार करून पडायची. मग उतरत गेलं. अजून येतं अधूनमधून, पण पाहुण्यासारखं, राहायला नाही. त्या मशीननं माझी भीती तेवढी काढून घेतली. औषध पहिल्याच दिवशी सांगून झालं होतं. तीच गोष्ट दुसऱ्यांदा न चिडता सांगणाऱ्या त्या डॉक्टरांचे उपकार मोठे.

शाल मागायला गेले, तर जाऊबाई म्हणाल्या, “दिलेलं परत मागतात व्हय? तू मरायची राहिलीस, त्यात माझी काय चूक?”

माझ्या पोरांच्या लग्नांतही त्या तीच शाल पांघरून मिरवल्या. मिरवू देत. अक्षता टाकायला मी त्यांच्या शेजारीच उभी होते.