बेसवाले भाऊ आणि आभाराचं पान

आजवर कोणालाही आपणहून न सांगितलेली गोष्ट आधी सांगून टाकतो, नाहीतर पुन्हा राहून जाईल. नागपूरच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत ‘एक श्रोता’ या नावाने जो माणूस चार वर्षं रॉक संगीतावरची, त्या वादकांवरची चांगली पुस्तकं सुचवत होता, तो मी. आणि त्यातली तीन पुस्तकं सोडली तर बाकीची मी वाचलेली नाहीत.

वाचली होती बेसवाल्या भाऊंनी. गोंदियात बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि ऑर्केस्ट्रात ते बेस गिटार वाजवत. नवं पुस्तक हातात आलं की ते मुखपृष्ठाकडे बघतसुद्धा नसत. सोल्डरिंगचं तापलेलं टोक स्टँडवर टेकवायचं, हात लुंगीला पुसायचे आणि सरळ आभाराचं पान काढायचं. ते पान दोनदा वाचून मगच पहिल्या पानाकडे जायचं.

“बाबू,” ते मला म्हणत, कारण मी कॉलेजच्या ऑफिसात बाबू आहे, “यानं कोनाकोनाचे आभार मानले ते नको पाहू. कोनाचे नाही मानले ते पाहा. त्याच्यातच सारी भानगड असते.”

तेव्हा मला याचं हसू यायचं.

भाऊंना माणसांवर जेवढा संशय, तेवढाच पुस्तकांवर. त्यातल्या त्यात गायकांच्या आत्मचरित्रांवर फार. त्यांचा वाचायचा क्रम ठरलेला होता. एखाद्या बँडबद्दल वाचायचं असेल तर आधी त्यांचं सामान उचलणाऱ्याचं पुस्तक, ते नसेल तर आवाजाचं मशीन सांभाळणाऱ्याचं. मग बायकोचं, शक्यतो सोडून गेलेल्या बायकोचं. त्यानंतर ड्रमवाल्याचं. गायकाचं सगळ्यात शेवटी. “गायकाले समोरचे लोक दिसतात, मांगचे नाही दिसत. अन ड्रमवाला सारी जिंदगी गायकाची पाठच पाहून राहिला असते. आता तूच सांग, कोनाले जास्त मालूम?”

ही पुस्तकं गोंदियात यायची कुठून, हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचं उत्तर गोंदियाजवळचं बिरसीचं विमानतळ. तिथे विमान चालवायला शिकायला देशभरातून मुलं येतात आणि शिकून झालं की जड सामान टाकून निघून जातात. ते रद्दीत जातं. रद्दीवाला भाऊंच्या ओळखीचा; इंग्रजी पुस्तकावर गिटार, माइक किंवा केस वाढलेला माणूस दिसला की तो बाजूला काढून ठेवायचा. कधी कधी केस वाढलेला माणूस बघून अध्यात्माचं पुस्तकही आणायचा. भाऊ तेही ठेवून घेत. म्हणत, “याच्याही मांगं कोनी सामान उचलनारा असंनच.”

भाऊंचे वडील जयंतीच्या कार्यक्रमांत गाणाऱ्या पार्टीत हार्मोनियमवर असायचे. भाऊंचं शिक्षण दहावीपर्यंत. इंग्रजी ते दुरुस्तीच्या पुस्तिकांवरून आणि डिक्शनरीवरून शिकले. दिवसाला चार पानं, जास्त नाही. “घाईनं वाचलं तं लिहिनारा फसवून जाते,” हे त्यांचं कारण. अशी चार चार पानं करत त्यांनी एक लोखंडी पेटीभर पुस्तकं संपवली होती.

पुस्तक ते न्यायला देत, पण परत करताना परीक्षा असे. दुकानातल्या स्टुलावर बसवून विचारत, “तो ड्रमवाला भावाच्या लग्नाले काऊन नाही गेला?” किंवा “बसचा ड्रायव्हर कोनाले रोज शिव्या द्यायचा?” मी तीन पुस्तकांत पास झालो. चौथं मी चाळून परत केलं आणि पहिल्याच प्रश्नाला अडकलो. भाऊंनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, पेटीत ठेवलं, कडी लावली. ओरडले नाहीत. म्हणाले, “बाबू, तू ऐकनारा मानूस आहेस, वाचनारा नाही. तुले मी गोष्ट सांगत जाईन.”

आणि खरंच सांगत गेले. ऑफिस सुटलं की मी दुकानात जायचो. चहा यायचा. एखादा अ‍ॅम्प्लिफायर उघडा पडलेला असायचा आणि भाऊ कुठल्याशा दूरच्या शहरातल्या बँडची भांडणं अशी सांगायचे, की ती माणसं आमच्याच गल्लीत राहत असावीत. कोणतं पुस्तक खोटं, कोणतं अर्धं खरं, कुठे लिहिणारा रडतो पण मनातून खूश आहे, हे ते पकडून दाखवत. चांगल्या पुस्तकाची त्यांची खूण एकच होती. “वाचून झाल्यावर जुनं गानं पुन्हा ऐकावं वाटलं, अन त्याच्यात पहिले ऐकू नाही आलेलं वाजंत्र ऐकू आलं, तं पुस्तक चांगलं. नाही तं त्याची जाहिरात समज.”

परीक्षेत कधीच नापास न झालेला एकच माणूस होता, सौंदडचा धनराज. घरची धानाची शेती, आणि भाऊंच्या शेजारी ऑक्टोपॅड वाजवायला उभं राहून तीस वर्षं झालेली. शेतातलं काम आटोपलं की तो गाडीने गोंदियाला यायचा, पिशवीत वाचून झालेलं पुस्तक आणि घरचे पोहे. भाऊ आणि तो पुस्तकावरून असे भांडायचे की गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवरूनच परत फिरायचं.

“धन्या, तुले त्या बाईची कीव येऊन राहिली, कारन तू पंचविसावं पान नीट वाचलं नाहीस.”

“भाऊ, तुम्ही तं आपल्या मायनं पुस्तक लिहिलं असतं तरी तिच्यावर शक घेतला असता!”

“घेतला असता. अन आधी आभार पाह्यले असते.”

मी मध्ये बसून पोहे खायचो आणि ऐकायचो.

सदर असं सुरू झालं की पुरवणीतल्या एका ओळखीच्या माणसाने मजकूर मागितला. मी घरी बसून भाऊंचं त्या आठवड्याचं बोलणं प्रमाण मराठीत उतरवून काढलं. लोकांना आवडलं. दुसरं लिहिलं. टोपणनाव घेतलं तेव्हा सरकारी अनुदानावरच्या कॉलेजात नोकरी, परवानगीची भानगड नको, असं सांगितलं. खरं कारण हे की गोंदियात माझं नाव भाऊंनी लगेच ओळखलं असतं. एकदा सांगू, असं प्रत्येक रविवारी ठरवत होतो. स्तुतीची पत्रं येऊ लागली तसतसं ते अवघड होत गेलं.

भाऊंच्या हाती पुरवणी लागली ती चहाच्या टपरीवर. मी त्या दिवशी दुकानात शिरलो तर ते काम सोडून बसले होते. समोर कागद पसरलेला.

“बाबू, हे वाच. ‘ड्रमवाला आयुष्यभर गायकाची पाठ पाहत असतो.’ हे कोनाचं वाक्य आहे?”

“तुमचं,” मी म्हणालो. माझा आवाज कसा होता ते आठवत नाही.

“हे माह्यं वाक्य. हे पुस्तक माह्या पेटीतलं. मंग हा एक श्रोता कोन आहे?”

मी काही बोलायच्या आत त्यांनीच उत्तर काढलं. ज्याने सगळी पुस्तकं वाचली आहेत त्यालाच असं लिहिता येईल. सगळी पुस्तकं वाचलेला जिल्ह्यात दुसरा एकच माणूस होता. माझ्यावर त्यांचा संशय गेला नाही, कारण मी वाचणारा नव्हतो, हे त्यांनी स्वतः ठरवलेलं होतं.

पुढच्या आठवड्यात धनराज आला. पोहे आणले होते. भाऊंनी पिशवी उघडू दिली नाही. “पेपरवाल्याइले गोष्टी विकाले मीच भेटलो का रे तुले?” म्हणाले. धनराजला आधी ती थट्टाच वाटली, तो हसला. मग पुरवणी बघितली, वाचली, आणि म्हणाला, “भाऊ, मी नाही लिहिलं. मले असं लिहिता येत असतं तं मी तुमचं नाव टाकलं असतं.” भाऊ म्हणाले, “नाव टाकलं नाही, म्हनूनच तं विचारून राहिलो.”

मी तिथेच होतो, त्याच स्टुलावर. धनराजने एकदा माझ्याकडे पाहिलं. संशयाने नाही, याने तरी आपल्या बाजूने दोन शब्द बोलावेत, एवढंच त्या बघण्यात होतं. मी उघड्या अ‍ॅम्प्लिफायरकडे बघत राहिलो. धनराज पिशवी उचलून स्टेशनकडे गेला. त्यानंतर तो ऑर्केस्ट्रात आला नाही. ऑक्टोपॅड त्याने घरी माळ्यावर टाकला, असं नंतर कोणी सांगितलं.

मी तेव्हा सदर थांबवलं असतं तर संशय धनराजवरच पक्का झाला असता, म्हणून मी लिहीत राहिलो, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. हे कारण मी नंतर शोधलेलं आहे. लिहीत राहिलो, कारण पत्रं येत होती.

पण लिहीत राहण्याने व्हायचं ते झालं. धनराज गेल्यानंतर रद्दीतून आलेल्या एका पुस्तकावर मी लिहिलं. भाऊंनी ते वाचलं असणार, आणि ते पुस्तक धनराजने पाहिलेलंच नाही हे त्यांच्या लक्षात आलं असणार. मला काही बोलले नाहीत. दोनेक आठवड्यांनी मात्र त्यांनी मला एक गोष्ट रंगवून सांगितली. निळ्या कव्हरचं पुस्तक. एका बँडची वाद्यं वीस वर्षं सुरात लावून देणारा माणूस, डाव्या कानाने बहिरा. एका कार्यक्रमात बेसवाला बेशुद्ध पडला, तर याने पडद्यामागे उभं राहून पूर्ण कार्यक्रम वाजवला आणि कोणाला कळलंही नाही. “असं पुस्तक मी जिंदगीत नाही वाचलं,” भाऊ म्हणाले. मी ते जसंच्या तसं लिहिलं. माझ्या सगळ्या लेखांत त्याचं सर्वात जास्त कौतुक झालं.

वाचक पुस्तक कुठे मिळेल विचारू लागले. पुरवणीतून फोन आला. शेवटी मी भाऊंकडे गेलो आणि शक्य तेवढ्या सहजपणे म्हणालो, “भाऊ, ते निळं पुस्तक जरा दाखवता का? प्रकाशकाचं नाव पाहिजे होतं.”

“कोनतं?”

“ते, वाद्यं सुरात लावणाऱ्याचं.”

भाऊंनी सोल्डरिंगचं टोक स्टँडवर ठेवलं. हात पुसले. “ते अजून कोनी लिहिलं नाही, बाबू. तूच लिहिलं, रविवारी.”

रस्त्यावर ई-रिक्षावाले ओरडत होते. मी काय म्हणालो ते लिहिण्यासारखं नाही. रडलो, एवढं पुरे. भाऊंनी चहा सांगितला. त्यांना माझा राग आला होता की नाही, हे मला आजही कळलेलं नाही. त्यांना स्वतःचीच जास्त लाज वाटत होती, असं वाटतं. चहा आल्यावर म्हणाले, “माह्यं वाक्य नेलं त्याचं काई नाही. वाक्य पुन्हा येते. धन्याले मी दरवाज्यातून परत पाठवलं. मी कोन्या तोंडानं जाऊ? तू जा सौंदडले. तू सांग, मी लिहिलं म्हनून. मंग मी येतो. मीच आधी गेलो तं माह्यं ओझं उतरंल, तुह्यं तसंच राहील.”

मी हो म्हणालो.

त्यानंतर दर आठवड्याला त्यांचा एकच प्रश्न असे. “गेल्ता का?” परीक्षेतलाच तो सूर. मी म्हणायचो, ऑडिट चालू आहे, परीक्षेचे अर्ज आले आहेत, आता धानाची रोवणी सुरू आहे, तो शेतात असेल. भाऊ मान हलवत. खोटं पकडण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना ही कारणं कळत नसतील? तरी ते थांबले. सौंदडला जायला गाडी आहे. तास-दीड तास लागतो. मी पाच महिने गेलो नाही.

मग एका सकाळी दुकान उघडलंच नाही. छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत भाऊ गेले.

विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. ऑर्केस्ट्रातले सगळे आले होते. धनराज दाराबाहेर, चपलांच्या ढिगाजवळ उभा होता, आत आला नाही. लोक पांगल्यावर माझ्याजवळ आला. केस पांढरे झाले होते. हळू आवाजात म्हणाला, “बाबूसाहेब, तुम्ही तं रोज बसत होते त्याइच्यापाशी. भाऊ माह्याबद्दल काई बोलले का हो, अखेरीस?”

सांगायला एवढी सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. मी म्हणालो, “नाही.”

तो म्हणाला, “बरं.” आणि चप्पल शोधायला लागला.

सदर बंद झालं. पुरवणीला मी प्रकृतीचं कारण कळवलं. कोणाच्या प्रकृतीचं, ते सांगितलं नाही. अजूनही कोणी ओळखीचा विचारतो, संगीतावरचं एखादं चांगलं पुस्तक सांगा. मी नावं सांगत नाही, या लेखातही दिलेली नाहीत. ती माझी नव्हेत. क्रम तेवढा सांगतो. सामान उचलणाऱ्याचं आधी, गायकाचं शेवटी. आणि आभाराचं पान सगळ्यात आधी.

त्या क्रमाने बघितलं तर हा लेख म्हणजे गायकाचं पुस्तक आहे. मी रडलो, हे मी यात आवर्जून लिहिलं. धनराज रडला की नाही, ते मला माहीतही नाही. तेव्हा माझ्या शब्दावर जाऊ नका. आधी त्याला विचारा.

चार वर्षांच्या त्या लेखांपैकी एकातही मी आभार मानले नाहीत. ते सगळे लेख बेसवाल्या भाऊंचे होते. भाऊ धनराजची वाट बघत होते, आणि त्याला आणायला मी गेलो नाही. हे धनराजला त्याच्या दारात जाऊन, तोंडाने सांगायचं माझ्याकडे अजून बाकी आहे.