मायसाठी हिऱ्याच्या कुड्या

आमच्या घरात कॉलेज शिकलेली पहिली मीच. त्याच तोऱ्यात मायला हिऱ्याच्या कुड्या घ्यायला वाशीमला नेलं. माय सोन्याच्या रुंद कर्णफुलांवर बोट ठेवून म्हणाली, "मले हेच बरे हायेत."

"तुले काय समजते त्यातलं?" मी दुकानात सगळ्यांदेखत म्हणाले आणि हिऱ्यांचं सर्टिफिकेट मोठ्यानं वाचलं. मायनं फुलांवरचं बोट काढून घेतलं.

घरी कुडी घातली, तर ती फिरकीसकट भोकातून निसटली. जड बाळ्यांनी तिच्या कानांची भोकं कधीच ओघळली होती. पदराआडचे ते कान मी नीट पाहिलेच नव्हते.

"तिथंच काहून नाही सांगितलं?"

"तू वाचून राह्यली होती ना, बाई."

उद्या बदलून आणू म्हटलं.

"तूच जाय. मी नाही येत आता त्या दुकानात."