यशदीपच्या पुस्तकांची यादी

हरिदास गजभिये रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी, २००८ साली, त्यांचा मुलगा यशदीप रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या एका कारखान्यातल्या अपघातात गेला. मागे चौदाशे पुस्तकं राहिली. यशदीपला एम. ए. करायचं होतं. पण रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, कारखाने वाढले, तेव्हा "आता नौकरी पकड" म्हणून बापानंच त्याला तिथं धाडलं. त्यानंतरची सहा वर्षं एकाच घरात दोघांचं कामापुरतंच बोलणं होतं.

घराजवळ, बीरगांवच्या बुद्धविहारात वाचनालय काढायचं ठरलं, लोक पुस्तकं मागायला आले. हरिदास हो म्हणाले, पण पुस्तकाला हात लावायला त्यांचं मन धजेना.

यादीसाठी मुलीनं, मोनालीनं, कॉम्प्युटरवर दोन सॉफ्टवेअर दाखवली. एकात पुस्तकामागचा नंबर टाकला की नाव, लेखक आपोआप येई. दुसरं फुकटचं, पण सगळं हातानं भरावं लागे.

"मले पहिलंच पाहिजे," हरिदास घाईनं म्हणाले. "पुस्तक उघडाचं कामच नाही."

पण तीस पुस्तकांतली चारच सापडली. जुन्या मराठी पुस्तकांवर नंबरच नव्हते.

"बाबा, ये नहीं चलेगा," मोनाली म्हणाली. "दूसरा ही लेना पड़ेगा."

मग त्यांनी पुस्तक उघडलं. समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'बाबांना विचारणे: आजोबा गाव सोडून इकडे काहून आले?' दुसऱ्यात, 'बाबांना विचारणे: तुमची शाळा कशी सुटली?' वीस पुस्तकांत अकरा प्रश्न निघाले. प्रत्येकाखाली तारीख होती, आणि तारखा सगळ्या त्या सहा वर्षांच्या अबोल्यातल्या.

त्या दिवसापासून हरिदासांना हाका ऐकू येऊ लागल्या. जेवताना मध्येच "काय रे?" म्हणत आणि दाराकडे बघत बसत.

मोनालीनं यादीतला शेऱ्याचा रकाना दाखवला. "इसमें जवाब लिख दो, बाबा."

"विचारणारा गेला. सांगू कोणाले?"

तरी दुसऱ्या सकाळी ते बसले. दोन बोटांनी टाइप केलं, 'गावात विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, म्हणून आजोबा आले.' असं दोन वर्षं चाललं.

एका प्रश्नाशी मात्र ते अडले. 'बाबांना विचारणे: माझं काय चुकलं?' तो रकाना त्यांनी कोराच ठेवला.

वाचनालय सुरू झालं. तो प्रश्न असलेलं पुस्तक कोणी घरी नेलं, की परत येईपर्यंत हरिदास रोज विहारात जातात, कपाटातल्या त्या रिकाम्या जागेपुढे थोडा वेळ उभे राहतात आणि घरी येतात.