मरणाऱ्या डिस्कवरचा बॅकअप

कॉम्प्युटरची डिस्क कुरकुरू लागली म्हणून मी तो लातूरच्या एका दुकानात नेला. पत्रं लिहायला बसवलेली माझी मराठी कीबोर्डची मांडणी त्यातल्या सेटिंगच्या फायलीत होती. ती गेली तर या वयात बोटं नव्याने शिकणार नव्हती.

"आज्जी, बॅकअप घेतलाय की," दुकानदार म्हणाला.

"कुठं?"

"ह्याच्यातच, दुसऱ्या फोल्डरात."

"घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून कुलूप लावतोस का रे?"

"एवढं कुणी विचारत न्हाई."

भिंतीवर त्याची प्रमाणपत्रं टांगलेली होती. मी ती फाईल माझ्या पेनड्राइव्हवर घेतली, दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसवली आणि एक ओळ लिहिली. ती नीट मराठीत उमटल्यावरच त्या दिवट्याला माझ्या डिस्कला हात लावू दिला.